साडूला धडा, ३२० केबीपीएसवर

३ जून, संध्याकाळी ७
सूड घ्यायचं ठरलं. काल सासऱ्यांकडे जेवताना साडूने माझ्या फोनवरचं गाणं ऐकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, साडूभाऊ, या गायकाला सर्दी झालीय का? फाइल फार दाबलीत तुम्ही. मेहुणी हसली. ते एक वेळ ठीक. बायकोही हसली!

५ जून
संधी स्वतःहून दारात. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या गाण्याच्या एकेचाळीस कॅसेट सासऱ्यांकडे पेटीत आहेत आणि टेपरेकॉर्डर अखेरचे आचके देतोय. दोन्ही जावयांना एकेक कॅसेट मिळाली. जो ती कॉम्प्युटरवर नीट उतरवेल, त्याच्याकडे अख्खी पेटी.
साडू, आता रड.

७ जून
एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, निवडणे. चार पाहिले. पहिला फुकट, म्हणजे भिकार. दुसरा साडू वापरतो. बाद. तिसऱ्याला एकच बटण. असली सॉफ्टवेअरं बायकांना आणि साडूंना. चौथ्यात अठरा खटके, त्यातले सोळा कशाचे ते कळत नाही. हाच प्रोफेशनल. घेतला.

७ जून, दुपारी
कॅसेटची फाइल चुकून १२८ केबीपीएसवर दाबली. आकडा जितका लहान, तितका आवाज छाटला जातो. त्याच फाइलवरून परत ३२० केली. आकार अडीचपट! म्हणजे गेलेला आवाज परत आला. साडूच्या बापाला सुचलं नसतं.

९ जून
ऐकण्याची प्लगिन्स, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचे तुकडे. एक बास वाढवतं. दुसरं खरखर पुसतं. तिसरं मात्र हिरा: आवाज डोक्याभोवती पसरवतं. त्याचा काटा शंभर टक्क्यांवर नेला. हेडफोनमध्ये सासूबाई चहूबाजूंनी गायल्या. दचकून मागे बघितलं.
बायको म्हणाली, अहो, साधंच ठेवा ना, बाबांना फक्त आईचा आवाज हवाय. भोळी आहे. हा आवाजाचा प्रश्न राहिलेलाच नाही.
मदतीच्या पानावर लिहिलंय, प्लगिन ऐकण्यापुरतं लावा, फाइलमध्ये कायमचं उतरवू नका. भित्र्यांसाठी असणार. उतरवलं.

१० जून
ऑफिसच्या कोपऱ्यावर लाउडस्पीकरवाला आहे. सहज बढाई मारली. त्याने विचारलं, साध्या स्पीकरवर ऐकून बघितलंत का? म्हटलं, माझे हेडफोन अख्खा कान झाकतात. मान डोलावून वायर गुंडाळायला लागला. बिचारा.

१२ जून
आरशासमोर सराव. साडू हरल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, होतं असं कधी कधी. चेहरा दयाळू हवा. अजून जमत नाही, हसू फुटतं.

१४ जून, दुपारी ४
सासऱ्यांकडे साबणाच्या वडीएवढा स्पीकर. एकच. त्यावर आधी साडूची फाइल. खरखर, मागे कुकरची शिट्टी, मध्येच सासूबाई थांबून कुणाला तरी, दार लाव रे मेल्या, म्हणतात. सासरे डोळे मिटून बसले. मेहुणी रडली. मी बायकोला खूण केली, आता बघ.
माझी फाइल.
शांतता.
सासऱ्यांनी कानामागे हात धरला. मी आवाज वाढवला. शांतता मोठी झाली. तीन मिनिटं कुणी हललं नाही. खरखर मात्र एकही नव्हती, हे मान्य करावंच लागेल.
शेवटी सासरे म्हणाले, जावईबापू, तिला गप्प बसवणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. तुम्ही करून दाखवलंत.
पेटी साडूकडे सरकवली. साडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, होतं असं कधी कधी. चेहरा दयाळू. सराव केलेला वाटला नाही.

१५ जून
लाउडस्पीकरवाल्याने समजावलं. तुमच्या प्लगिनने उजवा आवाज डाव्याच्या बरोबर उलटा केला. हेडफोनात दोघे वेगळ्या कानांत, म्हणून मजा. एकाच स्पीकरमध्ये समोरासमोर आले की एकमेकांना पुसून टाकतात. म्हणजे चूक स्पीकरची.

१८ जून
साडूचा फोन. एकेचाळीस कॅसेटवर चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्यात, साडूभाऊ, तुमचं अक्षर छान आहे, पेटी घेऊन येऊ का? मी नाही म्हणणार होतो. बायकोने फोन घेऊन हो म्हटलं.

२२ जून
साडू पेटी घेऊन सकाळीच आलाय. सतरा चिठ्ठ्या झाल्या. ज्याला बघायचं त्याने बघावं, त्या पेटीवर साडूचं एक अक्षरही नाही.
डिंक संपला. आणायला साडू गेलाय. त्याला अशी कामं सांगायला मी मागेपुढे बघत नाही.