पिवळ्या पानांची साफसफाई

नाशिक,
१४ जून १९८३

ती. दाजींना सावळीरामचा सविनय जयभीम.

चंद्रभागाअक्काचे गुडघे, तुमचा खोकला आणि उरलेले अकरा माड यांची प्रकृती कळवावी. (माडांची आधी. खोकला मला पाठ आहे.)

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेतकी हापिसाचे साहेब तुमच्या वाडीत घोटाभर चिखलात उभे राहून म्हणाले, माड पिवळे पडतात कारण शेतकरी आळशी, पाणी घालत नाही. मी त्यांची पिशवी धरून मागे उभा. तुम्ही मान खाली घातलीत, ती मला अजून सलते. म्हणून हापिसामागे तुमच्याकडची चार निरोगी रोपं मच्छरदाण्यांत लावली आणि त्यांतल्या दोहोंवर तुमच्या आजारी माडावरचे तुडतुडे सोडले. (लोक किडे बाहेर राहावेत म्हणून मच्छरदाणी लावतात, मी आत राहावेत म्हणून.) दीड वर्षाने तीच दोन पिवळी पडली, बाकीची हिरवीगार. मग एकाला पेनिसिलीन टोचलं, ढिम्म. दुसऱ्याला टेट्रासायक्लीन, त्याला हिरवा कोंब आला. (पेनिसिलीन जिवाणूचं कवच फोडतं, टेट्रासायक्लीन आत शिरून मारतं.) म्हणजे रोग जिवाणूचा, बिनकवचाच्या जातीचा, आणि तो आणतो तुडतुडा. तुमच्या पाण्याचा काडीचा संबंध नाही.

हे पाहायला गेल्या सोमवारी पुण्याहून मोठे शास्त्रज्ञ आले. आमच्याकडे मोठं माणूस येणार म्हटलं की झाडांना गेरू-चुना लागतो, आणि आवारात पिवळं पान दिसता कामा नये असा लेखी हुकूम निघतो. रविवारी तो निघाला. पिवळी पानं छाटली गेली, सोबत तो हिरवा कोंबही, मच्छरदाण्या धुवायला गेल्या, तुडतुड्यांवर फवारा बसला. पाहुण्यांनी दोन हिरवी रोपं आणि दोन खुंट पाहिले, चिवडा खाल्ला आणि शेरा लिहिला: आवार स्वच्छ, रोग आढळला नाही. साहेबांनी तो फ्रेम करून माझ्या टेबलासमोर टांगलाय. आता कागदावर रोगच नाही, तर तुडतुड्यांचा बंदोबस्त कोण करणार? या नोकरीचा मला वीट आलाय.

आपला,
सावळीराम

ता. क. प्रयोग पहिल्यापासून करायचाय. जिवंत तुडतुडे पाठवा. बाटलीला झाकण नको, गुदमरतात; फडकं बांधा, पण घट्ट. (मागच्या खेपेला अर्धे इगतपुरीलाच एसटीत उतरले.)

ता. क. दुसरा. पानं कुणी छाटली असं अक्काने विचारलं तर हुकूम होता म्हणा. कात्री माझ्या हातात होती. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. दाजी, त्या दिवशी साहेबांना उलट बोलायला तुम्ही भ्याला नव्हता. त्यांच्यामागे पिशवी धरून मी उभा होतो, माझी नोकरी जाऊ नये म्हणून गप्प राहिलात. हे मला रविवारी कळलं.