हजार आकाशगंगा, वजन शून्य

लायडन, मार्चमधला वादळी मंगळवार

तीर्थरूप वीब्रेनकाकांना सिएत्स्केचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मेंढ्या व्याल्या का? (उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मागच्या पत्राला "बरं आहे" एवढंच उत्तर आलं होतं, आणि त्यातलं "आहे" काकूच्या अक्षरात होतं.) मी खुशाल आहे, म्हणजे जेवते, झोपते, सायकल चालवते. मनाचं विचारू नका.

मी इथे काय करते ते काकूने तिकडे सगळ्या फ्रीसलंडला सांगितलंय: "आमची सिएत्स्के विश्वातली सगळ्यात जड वस्तू तोलते." तसं ते खोटं नाही. हजारभर आकाशगंगांचा एक अवाढव्य समूह आहे, त्याला तराजूत घालता येत नाही. पण त्याच्या वजनामुळे त्याच्या मागून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि मागच्या दूरच्या आकाशगंगा आपल्याला जराशा तिरक्या दिसतात. आता त्या मुळातच वेड्यावाकड्या असतात, म्हणून एकीवर विसंबून चालत नाही. गावात एकाचं नाक वाकडं असलं तर बापावर गेलाय म्हणायचं, पण सगळ्यांचीच नाकं एकीकडे झुकली तर वारा कुठून येतो ते कळतं. मी चार वर्षं अशी हजारो नाकं मोजली.

आमच्यात एक सोवळं असतं. आपल्याला हवं तेच उत्तर नकळत काढलं जाऊ नये म्हणून या कामाबाहेरचं कुणीतरी सगळ्या तिरकेपणाला एका गुपित आकड्याने गुणून ठेवतं. काम पुरं होईपर्यंत वजन काढून बघायचं नाही, म्हणजे नाहीच. मग एक दिवस ठरवून सगळ्यांसमोर तो आकडा फोडायचा, त्याने भागायचं आणि केक खायचा. तो दिवस गेल्या गुरुवारी होता. काकूने गुलाबी आयसिंगचा संत्र्याचा केक पाठवला, त्यावर क्रीमने "जड कामाबद्दल अभिनंदन" लिहिलेलं. आकडा जपून ठेवणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या बाईंनी तो जाहीर केला, मी बटण दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं: शून्य. (शून्याला कशानेही भागा, काका, शून्यच येतं. हे मला भर सभेत नव्याने कळलं.)

माझे मार्गदर्शक तेउनिस उठून पडदा रुमालाने पुसून आले. मग म्हणाले, "अगं, हजार आकाशगंगा आणि वजन शून्य? उपास करतायत का त्या?" माझ्या शेजारच्या टेबलावरचा यास्पर म्हणाला, "केकला तरी वजन आहे, तो कापा." तेउनिसनी तीन तुकडे खाल्ले. मी बशा विसळल्या.

चूक दुसऱ्या दिवशी सापडली. आकाशाकडे आपण खालून बघतो, म्हणून आमच्या नकाशात पूर्व डावीकडे असते. मी आकाशगंगांच्या जागा आकाशाच्या रीतीने मांडल्या आणि त्यांचा तिरकेपणा मात्र साध्या नकाशाच्या रीतीने. त्यामुळे समूहाभोवतीची निम्मी नाकं उलट्या बाजूला वळली आणि सगळं एकमेकांत फिटलं. (माझ्या आधी ही चूक करणाऱ्यांत दोन प्राध्यापक आहेत म्हणे. ते सुखाने निवृत्त झाले.) दुरुस्ती दोन ओळींची आहे. पण आकडा आता सगळ्यांना ठाऊक! नव्या गुपिताशिवाय काढलेलं उत्तर तेउनिस प्रबंधात घेऊ देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. जूनमध्ये त्याच प्रबंधावर माझी जाहीर परीक्षा आहे. काकूने त्या दिवशी घालायला नवी टोपी घेतली, गावासाठी बस ठरवली. काका, मला खरंच भीती वाटते. एवढी माणसं येणार, आणि मी त्यांना काय सांगू?

तुमची पुतणी,
सिएत्स्के

ता. क. म्हणूनच एक विनंती. मला असा माणूस हवाय जो आकडा मनात ठेवील आणि जूनपर्यंत बोलणार नाही. सगळ्या नेदरलंड्समध्ये मला एकच नाव सुचलं. शनिवारी यास्पर लॅपटॉप घेऊन येईल आणि तुमच्याकडे पाठ फिरवून उभा राहील. ०.९ आणि १.१ यांच्या मधला कुठलाही आकडा तुम्ही टाईप करा. बस्स.

ता. क. २. काकू, हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखवतेयस हे मला माहीत आहे. केक पोचला का हे विचारायला तू तेउनिसना फोन केलास आणि पाऊण तास बोललीस, हेही माहीत आहे. तर ऐक, मला तूही हवीस. काकांना रोज आकडा विचार आणि जो सांगतील तो बिनधास्त गावभर कर, तेउनिसनाही कळव.

ता. क. ३. काका, तिला रोज वेगळा आकडा सांगा, खरा सोडून. (काकू, हेही तूच वाचतेयस, तरी रोज विचार.) जूनपर्यंत तुम्ही दोघं रोज बोलाल. समूहाचं वजन काहीही निघो, एवढं तरी माझ्या प्रबंधामुळे झालं असं होईल.