तिच्या फ्लास्कमधली मुळं

सोमवार, ४ मार्च
लागलो एकदाचा कामाला. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा आई म्हणाली होती, आता हमाली कर. त्यापेक्षा हे झकास. प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या, मुळं सांभाळायची. इथे औषधी झुडपाचं पान घेतात आणि जिवाणूत बुडवलेल्या सुईने टोचतात. जखमेतून केसांसारखी पांढरी मुळं फुटतात. ना माती, ना झाड. ती साखरपाण्याच्या फ्लास्कमध्ये अंधारात वाढवायची, त्यांतून हृदयाचं औषध काढायचं.
मी काही औषधासाठी आलेलो नाही, तिच्यासाठी आलोय. ती इथे संशोधन करते. कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. मला बघून म्हणाली, अरे, तू इथे कुठे? आणि लगेच घड्याळ बघितलं. विचारलं तरी.

शुक्रवार, ८ मार्च
प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. महिनाअखेर मुळांतलं औषध वाढलं नाही तर तिचं काम बंद. माझं डोकंच फिरलं. बाटलीकाकांनी, म्हणजे इथल्या जुन्या कामगाराने, मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाले, जावईबापू, आधी हातमोजे घाला, मग मर्दुमकी गाजवा. मोजे भिरकावले आणि तसाच पानं टोचायला बसलो. सुई निसटून उजव्या हाताच्या बोटात गेली. काका म्हणाले, माणसाला काही होत नाही, पण धुऊन घे. नाही धुतलं.

गुरुवार, १४ मार्च
जखमेतून एक पांढरा केस निघालाय. उपटायला गेलो तर कळ कोपरापर्यंत गेली. केस नाही तो.

रविवार, १७ मार्च
सात मुळं झाली. सुकली की आग होते, साखरपाण्यात बोट धरलं की शांत. डॉक्टरकडे जायला हवं. त्याआधी एक कापलं आणि गुपचूप तिच्या फ्लास्कमध्ये टाकलं.

बुधवार, २० मार्च
तिच्या फ्लास्कमध्ये चाळीस पट औषध. आनंदाने तिने माझा खांदा धरला. मला राहवलं नाही, खरं सांगून हात दाखवला. वाटलं, ओरडेल. तिने भिंग आणलं.
तासभर हात तिच्या हातात होता.

शनिवार, २३ मार्च
रोज सकाळी ती कापते. दुप्पट फुटतात. काका म्हणाले, पोरा, पळ. त्यांच्या अंगावर धावून गेलो.

मंगळवार, २६ मार्च
दंडापर्यंत आलीत. आता डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरचं नाव काढलं तर ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत थांब ना, माझ्यासाठी.
थांबलो.

शुक्रवार, २९ मार्च
खोलीत अंधार. मुळांना उजेड चालत नाही — दाराच्या फटीशी लिहितोय. जिभेखाली काहीतरी — बोलता येत नाही. सर खूश आहेत म्हणे. उजव्या हातात आता कापायला काही उरलं नाही —
ती आलीय. सुई आणलीय. डावा मागतेय. नको म्हणायचं तर — आवाज नाही, आणि लिहून दाखवायला हाच —
माझ्याकडे बघतेय. घड्याळाकडे नाही. माझ्या —
धरला. किती हळू ध