वाटीतला राजा

१० फेब्रुवारी

वाटीतलं पाणी आज मी बदललं. बारा वर्षांत पहिल्यांदा! एरवी ह्यांच्या नाण्यांना नुसता फडक्याचा वारा लागला तरी ह्यांचा चेहरा बदलायचा. पण साखरेने डोळे नेले, हात थरथरतात, मग सांगणार कोणाला? बॅटरीत घालतात ते पाणी, स्टीलची वाटी, जुना टूथब्रश — एवढा सगळा संसार. बाकीची नाणी ओळखून झाली, वाटीतलं हे एकच उरलंय. रोमचं म्हणे, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचं. मला तर चपटी झालेली सुपारी दिसते.

"काय दिसता गो?" — तासातासाला तेच. मी म्हटलं, चिखल.

१९ फेब्रुवारी

डायलिसिसहून आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. आज मात्र उठून बसले आणि मला शिकवायला लागले. नाणं खिडकीशी तिरकं धरायचं, उजेड बाजूने यायला हवा. चेहरा कळत नसेल तर नाक शोध, नाक नसेल तर दाढी. दाढीवाला असला तर बहुतेक आधीचा राजा, बिनदाढीचा असला तर कॉन्स्टंटाईनच्या घरातला.

मरोळच्या कारखान्यात जन्मभर सुटे भाग तपासले. रिटायर झाले आणि प्रदर्शनांतून ही मातीने लडबडलेली नाणी आणायला लागले. मेलेल्या राजांची उस्तवार कशाला, असं मी किती वेळा म्हटलं असेन. आता मीच भिंग लावून बसते.

५ मार्च

पाणी हिरवट झालं. बदललं. बाकी काही नाही.

१४ मार्च

ह्यांनी डायलिसिस बंद करायचं ठरवलं. डॉक्टरांना शांतपणे सांगितलं — आता पुरे. भाजी नको म्हणावं तसं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, आठ-पंधरा दिवस धरा.

निलेश दहिसरहून धावत आला. बापाशी भांडला, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडला. पोटचा पोर आहे, मला कळणार नाही का? मी रडले नाही. मला राग आलाय. सगळ्यांना सांगून झालं, मला एका शब्दाने विचारलं नाही.

संध्याकाळी मलाच म्हणाले, "त्या शेवटच्या नाण्यावरच्याचा नाव कळला तर बरा."

१७ मार्च

नाणं तसंच. काट्याने माती कोरून कोरून माझीच मान धरली.

शेजारची कुंदा आली होती. "अगं, चिंच लाव ना! देवाचा तांब्या कसा दोन मिनिटांत लख्ख होतो." आतून हे असे ओरडले की कुंदा चहा न घेताच गेली. अंगात पाणी प्यायची ताकद नाही आणि हा आवाज कुठून आला कोण जाणे.

मग मला जवळ बसवून समजावलं. "तो हिरवो थर म्हणजेच त्याचो चेहरो. तो काढलंस तर खाली कोण नाय गो." माती तेवढी सुटायला हवी, आणि ती पाण्यात आपसूक सुटते. दोन महिने लागतील. घाई करू नको.

दोन महिने! कुठून आणू?

२१ मार्च

केलं.

दुपारी हे झोपले होते. चिंच कोळली, मीठ घातलं आणि अंगठ्याने घासत बसले. आधी वाटलं, नाक येतंय. खरंच वाटलं. म्हणून आणखी घासलं. मग नुसतं लालबुंद तांबं. दोन्ही बाजू गुळगुळीत. नाक नाही, दाढी नाही, एक अक्षर नाही. ओट्याशी उभी राहून रडले. राग, चौदा तारखेपासूनचं सगळं, तिथेच निघालं.

जागे झाले आणि विचारलंच. मी म्हटलं, माती निघाली. दाढी दिसतेय. आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला, त्याचंच मला नवल.

ह्यांनी हात पुढे केला. मी नाणं तळहातावर ठेवलं. त्यावरून अंगठा फिरवत राहिले. साखरेने बोटं कधीच बधिर केलीत, म्हणून मी वाचले.

"होय गो," म्हणाले. "दाढी आसा. बरोच म्हातारो दिसता."

मग माझा हात ओढून गालाशी धरला. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. नाणं चादरीवरून खाली घरंगळलं, तरी सोडला नाही.

२५ मार्च

हे गेले.

७ एप्रिल

निलेश आज परत गेला. निघताना बाबांची आठवण म्हणून ते शेवटचं नाणं मागितलं. मी म्हटलं, ने. दाढीवाला राजा आहे त्यावर.

त्याने नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग खाली बसला. "आई, बाबांना माहीत होतं गं. जायच्या चार दिवस आधी फोनवर मला म्हणाले — तुझ्या आईच्या हाताक चिंचेचो वास येता. तिका काय एक बोलू नको."

नाणं मी त्याला दिलं नाही.