आबांचा डावा कान

१२ फेब्रुवारी १९५१
आबांचा डावा कान तोफेने खाल्लाय, हे मला आज कळलं! सतरा वर्षं एका घरात राहून! चालताना मला कायम उजवीकडे का घेतात, तेही आत्ता समजलं. विचारलं तर म्हणाले, "आमच्या तोफांच्या बॅटरीत प्रत्येकाचा एक गेलेलाच असतो."

१४ फेब्रुवारी
संस्थानची फौज आता भारतीय फौजेत जाणार. मुरारच्या छावणीत तपासणीचं बोर्ड बसलंय. वय, छाती, डोळे, कान, सगळं तपासतात. पास होतील ते राहतील, बाकीचे घरी. घरी बसलेले आबा मला बघवणार नाहीत.

नव्या साहेबांना बॅटरीचा इतिहास लिहून हवाय. आबा सांगतात, मी लिहिते. आधी तोफा बैल ओढायचे, पुढे खेचरं आली. तोफ सुटी करून त्यांच्या पाठीवर लादायची! पणजोबा, म्हणजे आबांचे आजोबा, याच बॅटरीत बैलांच्या वेळचे. दसऱ्याला तोफेला पहिलं कुंकू कोण लावतं? चाक कुठल्या खेचरावर? आबा वैतागले — "बोर्डही इतकं विचारत नाही गं!"

१९ फेब्रुवारी
फजिती! बोर्डात कान तपासताना डॉक्टर मागे उभा राहून म्हणाला, "तैयार?" आबांनी झटकन दोन्ही कानांत बोटं घातली आणि तोंड उघडलं! वीस वर्षांची सवय. त्या शब्दानंतर तोफ उडतेच ना! डॉक्टर पोट धरून हसला म्हणे. गुरुवारी पुन्हा बोलावलंय. आई हसली नाही.

२० फेब्रुवारी
आबांच्या बॅटरीतले कृष्णराव पास झालेत. दौलतगंजात गाठून त्यांना खोदून खोदून विचारलं. एक कान दाबायला लावतात, डॉक्टर मागून आकडे कुजबुजतो. दरवेळी तेच आकडे, त्याच क्रमाने! "पण बेटा, मी काही बोललो नाही, बस," म्हणाले.

आबांकडून ते आकडे शंभरदा घोकून घेतले. लबाडी आहे. असू दे.

२२ फेब्रुवारी
पास!! आईने देवापुढे साखर ठेवली. आबा आज जेवताना दोनदा गुणगुणले.

६ एप्रिल
हुकूम आला. बॅटरी सोमवारी जम्मूकडे निघणार. घरच्यांना नेता येणार नाही. आबा ट्रंक भरताहेत, आई नुसती बघतेय.

आबांना ठेवून घेतील का, एवढंच मी विचारत राहिले. कुठे ठेवतील, हे एकदाही विचारलं नाही.