राजशेखरचा डबा आणि माझी काळी पेटी

मी, भुजंग ग्यानोबा पवळे, वय पंचावन्न, फौजेतून निवृत्त हवालदार, राहणार मुरुड, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉ. बुद्धप्रिया कांबळे यांनी तपासून लिहून दिले आहे. मी रागात आहे, हे त्यांनी लिहिलेले नाही, ते मी लिहितो. मला मरायची घाई नाही, पण हे लिहायची आहे. कारण पुढे येईल.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी सिंधु हिला मिळावी. "आता लेकीकडे जाऊन राहा" असे तिला कोणी सुचवू नये. तिच्या पश्चात घर मुलगी वर्षाराणी, राहणार नांदेड, हिला जावे.

कलम २. बोअरजवळची दोन एकर जमीन माझा पुतण्या बालाजी याला. तो फौजेत नायक आहे, दहा जवान त्याच्या हाताखाली आहेत, आणि लहानपणापासून मीच त्याला वाढवले आहे. जमीन मी त्याला बिनशर्त देणार होतो. परवा तो सुट्टीवर आला, जेवताना काही बोलला, आणि मी ताटावरून उठलो. म्हणून कलम ३ त्याने आधी वाचावे.

कलम ३. आमच्या पलटणीत रिवाज होता. सुट्टीवरून परतलेल्या जवानाने घरचा डबा बराकीत उघडायचा. कोणाच्या आईचे लाडू, कोणाच्या बायकोच्या शंकरपाळ्या. जो रिकाम्या हाती येईल त्याला दंड. त्याने कँटीनमधून मिठाई आणून प्रत्येक खाटेपाशी वाटत फिरायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

चौदा वर्षांपूर्वी बिलोलीचा राजशेखर रिकाम्या हाती आला. दंड मीच फर्मावला. आपल्याकडचा म्हणून चारचौघांत जास्त चिडवलेही. तो हसत हसत बर्फी वाटत फिरला आणि मी दोन तुकडे उचलले. पुढचे चार दिवस तो जेवणावरून लवकर उठायचा. त्याने आपले घड्याळ सोबत्याला देऊन टाकले. मला कळले, तेव्हा मी म्हणालो, पोरगं दिलदार आहे. रोज संध्याकाळी गिनतीला, म्हणजे हजेरीला, मी साहेबांना रिपोर्ट द्यायचो, "सब ठीक." पाचव्या दिवशी राजशेखरने स्वतःचा जीव घेतला. त्याही संध्याकाळी माझ्या तोंडातून आधी "सब ठीक"च निघाले होते, याची मला आजही शरम वाटते.

कागदावर लिहिले गेले, "घरगुती कारण". दोन शब्द लिहिले की वरपासून खालपर्यंत सगळे मोकळे! त्याचे सामान घेऊन मी बिलोलीला गेलो. त्याची आई गुणाबाई नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. त्याची सगळी सुट्टी तिच्या उशाशी गेली होती. वाढीव सुट्टी मागितली, तर आमच्या सुभेदाराने कळवले होते, आधी हजर हो, मग बघू. त्या बाईने मला चहा दिला आणि म्हणाली, "डबा कोन करून देनार व्हतं, साहेब? मीच खाटंवर. तुमी इचारायचं तरी व्हतं, का न्हाई आनला म्हनून."

एवढे विचारायला फौजेचा हुकूम लागत नव्हता. माणूस एकाच कारणाने जात नाही, हे डॉक्टरांनी मला पुढे समजावले. मान्य आहे. पण मी विचारले नाही, हे त्याने खोटे होत नाही.

कलम ४. राजशेखरला "पळपुटा" म्हणणारे आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत बसतात, हार घालून घेतात. त्यांच्यापैकी कोणीही माझ्या मयतीत भाषण करू नये. माइक हातात दिसला तर शिंपी गफूरभाईंनी वायर काढावी. त्यांनी कबूल केले आहे.

कलम ५. माझी फौजेतली काळी पेटी बालाजीला. राजशेखर गेल्यावर निवृत्तीपर्यंतची सहा वर्षे मी एक वही ठेवली. कोणाची आई आजारी, कोणाची बायको बोलेना, कोणाची झोप उडाली. बाकीचे हवालदार मला आयाबाई म्हणायचे. खुशाल म्हणोत. दोघांना मी तोंडावर विचारले, "जीव द्यायचं मनात येतं का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही बडबड मी पुष्कळ ऐकली होती. दोघेही रडले आणि बोलले. त्यांच्याजवळची हत्यारे मी जमा करून घेतली, एक क्षण एकटे सोडले नाही, स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेलो, सुट्टीसाठी साहेबांच्या दारात उभा राहिलो. एक जण आज औशाला टेम्पो चालवतो, दर दसऱ्याला भेटायला येतो. वहीतली लिहिलेली पाने सिंधुने जाळावीत, लोकांची घरे त्यात आहेत. उरलेली कोरी पाने बालाजीची.

आता परवाचे. बालाजी घास घेता घेता म्हणाला, "काका, आमच्याकडं सत्यम म्हणून एक पोरगं हाय, लई नाटकी. सुट्टीवरून हात हलवीत आलं. मिठाई वाटायला लावली त्याला. तवापासून गप गप ऱ्हातंय."

मी विचारले, "का नाही आणलं, हे विचारलंस?"

"समद्यांच्या मनात शिरत बसलं तर ड्युटी कवा करायची?"

"हीच ड्युटी हाय, गाढवा!" असे मी ओरडलो, ते सगळ्या गल्लीने ऐकले. माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा माझीच चूक जशीच्या तशी करतो आहे, आणि हसतो आहे. मेल्यावर वाचून याचा काय उपयोग? म्हणून हे मृत्युपत्र बालाजीने माझ्या हयातीत, आजच वाचावे. सत्यमला काही झाले आणि याने विचारलेले नसेल, तर कलम २ मधली दोन एकर जमीन वर्षाराणीला जावी. मी गेल्यावर माझ्या तेराव्याचे जेवण याने वाढू नये.

दुरुस्ती, सहीपूर्वी. बालाजीने हे सकाळी वाचले. ओट्यावर जाऊन फोन लावला. मला ऐकू आले ते असे: "सत्यम, जेवलास का रे? न्हाई, ड्युटीचं न्हाई. मिठाईचं माझं चुकलं. घरी काय झालंय? तू बोल, मी ऐकायलोय." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. नंतर त्याने आपल्या सुभेदारांना फोन करून, सत्यमजवळ माणूस ठेवा आणि त्याला आत्ताच डॉक्टरकडे न्या, असे सांगितले. सुट्टीचे सहा दिवस बाकी असताना तो दुपारच्या गाडीने निघाला.

सबब कलम २ मधील जमिनीवर कलम ५ मध्ये घातलेली अट मी काढून टाकत आहे. वहीची लिहिलेली पाने सिंधुने चुलीत घातली. काळी पेटी माझ्या मालमत्तेतून वजा समजावी, ती बालाजीबरोबर गेली. तिच्यात कोरी वही आहे आणि वर सिंधुने बांधलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आहे. डबा सत्यमच्या नावाचा आहे. बराकीत तोच उघडेल.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: भुजंग ग्यानोबा पवळे

आमच्या समक्ष सही केली:
१. गफूर इस्माईल शेख, शिंपी, मुरुड
२. डॉ. बुद्धप्रिया कांबळे, मुरुड

ठिकाण: मुरुड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५