मरायकेबाईंचं घर आणि हिरवा दिवा

तीर्थरूप मोरेश्वरकाका यांस,

नेदरलँड्समधल्या झूटरमेरहून श्रीकांतचा वाकून नमस्कार. नव्या कवळीने शेंगदाणे चावता येऊ लागले का? आम्ही तिघं इथे सुखरूप आहोत, फक्त तीन महिन्यांनी बेघर होणार आहोत. घरमालकाला हे घर त्याच्या मुलीसाठी परत हवंय, आणि मृण्मयीची शाळा बदलायची नसेल तर याच भागात घर विकत घ्यायला हवं. दोन घरांवर बोली लावली, दोन्ही हुकली. तिसरं सापडलं ते मरायके नावाच्या बाईंचं.

आम्ही घर बघायला गेलो, तर त्यांच्या दलालाने (इथे त्याला माकेलार म्हणतात, सूट चांगला असतो) टेबलावर साबणदाणीएवढं यंत्र ठेवलं. ते एआयवालं यंत्र म्हणे आवाज आणि चेहरा बघून खोटं ओळखतं. खऱ्याला हिरवा दिवा, खोट्याला लाल. दोन्ही बाजूंनी संमतीची सही करायची आणि मग बोलणी. आम्ही आनंदाने सही केली. आपण कुठे खोटं बोलतो! मरायकेबाई म्हणाल्या, छत गळतं. हिरवा. शेजारी ट्रम्पेट वाजवतो आणि त्याला ते येत नाही. हिरवा. तुम्ही फार बोलता. गडद हिरवा. मग मी आपलं रीतीप्रमाणे म्हटलं, आम्हाला तशी घाई नाही. लाल. आणखी दोन घरं बघून ठेवलीत. लाल. कॉफी फक्कड झालीय. लाल! (काका, परक्याच्या घरी कॉफीबद्दल कोण खरं बोलतं?) मृदुलाने सावरून घ्यायला पडद्यांचं कौतुक केलं, तेव्हा तर यंत्र थरथरलं. संध्याकाळपर्यंत घराची किंमत बारा हजार युरोंनी वाढली.

मृदुला सॉफ्टवेअर तपासते, त्यामुळे यंत्रात खोट काढल्याशिवाय तिला जेवण जात नाही. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, "ज्याला काही माहीतच नाही, तो खोटं कसं बोलेल?" असा माणूस घरात तयारच होता. तिने बँकेचा पासवर्ड बदलला, कर्जाचे कागद कपाटात कोंबून किल्ली ऑफिसात नेली आणि मला एकट्याला दलालाकडे पाठवलं. जास्तीत जास्त किती द्याल? माहीत नाही. हिरवा. बायकोला घर आवडलंय? माहीत नाही. तिच्या मनात काय आहे? कधीच माहीत नसतं. एवढा हिरवा दिवा त्या दलालानेही पाहिला नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पण मरायकेबाईंनीही तोच विचार केला होता. समोर त्यांचा भाऊ विम बसला होता, ज्याने ते घर वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दोन तास आम्ही अखंड खरं बोललो आणि दलाल रडकुंडीला आला. शेवटी वेळ जावा म्हणून विमने स्वतःच्या भाजीच्या छोट्या मळ्याचं सांगितलं. मळ्यात लाकडी खोपटं आहे, घुशी आहेत, मुळे कडू येतात, मळा तीन हजारांना विकायचाय. सगळं हिरवं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माहिती असलेलं बोलत होतं हो! मी म्हटलं, मला मनापासून आवडलं. हिरवा. किंमत रास्त आहे. हिरवा. आम्ही हात मिळवले, मळा माझा झाला.

घरी येऊन मृदुलाला सांगितलं. ती म्हणाली, "छान केलंस." यंत्राची गरज पडली नाही.

आपला,
श्रीकांत

ता. क. : पुढची बोलणी शनिवारी आहेत. मृदुलाच्या मते मला आता जास्त कळायला लागलंय. तुम्हाला आमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही (दिवाळीत तुम्ही मला डेन्मार्कचं हवामान विचारलंत). तेव्हा आमच्या वतीने तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसाल का?

ता. क. २ : मृदुला आत्ता म्हणाली की हे पत्र वाचून तुम्हालाही सगळं कळलं. तुम्ही राहू द्या. वसुधाकाकूंना बसवा, आणि तोवर पत्र त्यांच्यापासून लपवून ठेवा.